भरल्या घागरीची गाडी

सटवाजी उस्ताद आधी गाडी दाबायचे, मग माणसाला जयभीम घालायचे. बॉनेटवर दोन्ही तळवे, एक सणसणीत रेटा, आणि मान तिरपी करून बघत राहणं: खाली गेली, वर आली, आता गप बसते की नाचतच राहते? लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या बड्या साहेबाची गाडी त्यांनी अशीच दाबली. साहेब आत होते. पोलीस धावला तर उस्ताद म्हणाले, "दम धरा, आजून हालून राहिली." साहेबांनी उतरून स्वतःही एकदा दाबली, असं मी सांगत आलोय आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

उस्तादांचं लोह्यात कमानपाट्यांचं, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पट्ट्यांचं दुकान. मी त्याच रस्त्यावर नांदेड-लातूर टॅक्सी चालवायचो. नव्या जिल्ह्यामुळे सगळ्यांना लातूरची घाई, आणि माझी गाडी वळणावर अशी कलंडायची की कडेच्या प्रवाशाला बसल्या जागी रस्त्याची माती कपाळाला लावता यावी. ओकाऱ्यांनी रस्त्यावरचा दुष्काळ हटेल अशी पाळी आली होती.

"उंटावानी उभी हाय," उस्ताद म्हणाले. "हिला बसवू जरा."

त्यांनी मागच्या पाट्यांचा बाक उतरवला, एक पाटा काढलाच. पुढच्या स्प्रिंगा आखूड केल्या, शॉकअप त्या मापाचे घातले. गाडी खाली आली की चाकांची तोंडं फिरतात, म्हणून सुतळी ताणून चारी चाकं सरळ केली. मग घरात जाऊन भरलेली घागर उचलून आणली. त्यांची परीक्षा तीच: घागर काठोकाठ भरून मागच्या सीटवर, आणि गाडी वळणावर.

त्यांच्या बायको गयाबाई मागोमाग आल्या. टँकरच्या रांगेत सकाळ घालवून मिळालेलं ते घरातलं सगळं पाणी होतं.

"सांडलं तर?"

"न्हाई सांडत."

"मी बी येते. घागरीपाशी बसते."

"बस. पण हात न्हाई लावायचा."

मी गाडी हाणली. वळणं आली आणि गेली. गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटलेली. पाणी काठाला आलं, बघितलं, परत गेलं. उस्ताद पुढून मागे वळून बायकोकडे बघून राहिले. येताना दोन बाया लांबच्या विहिरीवरून डोक्यावर घागरी घेऊन चाललेल्या दिसल्या. गयाबाईंनी गाडी थांबवून त्यांना घागरींसकट आत घेतलं. पुढच्याच खड्ड्यात गाडी धाडकन खाली टेकली आणि गयाबाईंची अर्धी घागर उस्तादांच्या मानेवर आली.

उस्तादांनी ओठ चाटले.

"टँकरचं गोड हाय."

"रिकाम्या गाडीचं माप घेतलं तुम्ही," गयाबाई म्हणाल्या. "या दुष्काळात रिकामी गाडी पाहिली का कुठं?"

खरंच होतं. त्या साली डबडं-घागर घेतल्याशिवाय कुणी गाडीत चढतच नव्हतं. त्या दोघींनी न विचारता आपल्या घागरी गयाबाईंच्या घागरीत थोड्या थोड्या वाकवल्या.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तिघींना घागरींसकट उभ्या गाडीत बसवलं आणि स्वतः पोटावर पडून खालून बघितलं. काढलेला पाटा परत घातला. गाडी बोटभर वर आली. वळणाची पकड तशीच, टेकणं बंद. तेव्हापासून कुणीही आलं की उस्ताद म्हणायचे, "आधी वझं सांगा, मग उंची सांगतो." भाच्याला पोरगी बघायला गेले तेव्हा तिच्या बापालाही त्यांनी हेच ऐकवलं, म्हणतात.

पुढे बरीच पावसाळी वर्षं गेली. उस्ताद लातूरला दवाखान्यात होते. लोह्याच्या पाण्याशिवाय घोट घेईनात, म्हणून गयाबाई भरलेली घागर घेऊन माझ्या गाडीत बसल्या. आम्ही पोहोचायच्या आधीच ते गेले होते.

परतताना मागच्या सीटवर उस्ताद, गयाबाई आणि ती घागर. सगळी वळणं मी जपून घेतली. लोह्यात दार उघडलं तर पाणी काठाशी तसंच होतं.

गयाबाई घागरीकडे बघत राहिल्या. "आज सांडलं असतं तरी चाललं असतं," म्हणाल्या.

मी उतरलो आणि बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून रेटा दिला. खाली गेली, वर आली, आणि गप बसली.