सूर्याशी उभा दावा

माझे धाकटे दीर डोंगरातल्या छोट्या वीजघरावर मशीन चालवतात. बर्फाच्या शिखरांखालून ओढा येतो, तो एका तळ्यात अडवलाय. तळ्यातून जाडजूड पाइप खाली उतरतो, पाइपाच्या तोंडाशी टर्बाइन, आणि टर्बाइनशेजारच्या खुर्चीत भावजी. मशीनचा आवाज जरा बदलला की हातातला घास हातातच राहतो. बायकोची हाक मात्र तिसऱ्यांदा ऐकू येते.

समोरच्या उतारावर सौर पॅनेलं बसली आणि भावजींनी सूर्याशीच उभा दावा मांडला. दिवसभर खिडकीचा पडदा ओढून बसायचे. कारणही तसंच होतं. वीजघर ठेवायचं की नाही, हे एका चाचणीवर ठरणार होतं. संध्याकाळी पॅनेलं थंडावली की खालच्या गावाचा सगळा भार पाण्यानं उचलायचा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर वीजघराला कुलूप, आणि भावजींची बदली दूरच्या कुठल्यातरी ऑफिसात, टेबलापाशी.

"कागद सरकवत बसलो तर मी सहा महिने जगायचो नाही, वहिनी," ते म्हणाले होते.

चाचणीच्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. दुपारी त्यांचं जेवण घेऊन वर गेले, तर तळ्याच्या कडेचा चिखल उघडा पडलेला आणि मशीन जोरात सुरू.

"भावजी, हे काय? पाणी संध्याकाळसाठी राखायचं होतं ना?"

"सकाळपासून पूर्ण ताकदीनं चालवतोय. कळू दे त्या काचांना, जास्त कोण देतं ते!"

"काचांना काय कळणार, कपाळ! आणि संध्याकाळी गावाला काय देणार, चिखल?"

त्यांनी पडदा बाजूला करून तळ्याकडे पाहिलं आणि चेहरा खर्रकन उतरला. मशीन बंद केलं. जेवणाला हातही लावला नाही.

"या उन्हानं माझा घात केला."

आता मात्र माझा संयम सुटला. तो मुळात बेताचाच आहे.

"तुमचं पाणी डोंगरावर चढवलं कोणी? तुमच्या आजोबांनी डोक्यावरून वाहिलं? उन्हानं समुद्राची वाफ होते, ती वर जाते, शिखरावर बर्फ होऊन पडते. हमाली सगळी सूर्याची. तुम्ही फक्त पाणी उतरताना त्याच्याकडून काम करून घेता. वारा तरी कोणाचा? जमीन तापते म्हणून हवा हलते. चुलीतलं लाकूडसुद्धा उन्हावरच वाढलेलं. आणि तुम्ही त्याच्याशी अबोला धरता!"

"तुमचं कॉलेज राहू द्या, वहिनी. शाळेत मीही हे शिकलोय. पण तेव्हा सूर्य माझ्या पोटावर उठला नव्हता."

मी जेवणावर पुन्हा झाकण ठेवलं.

मग तेच हळू आवाजात म्हणाले, "ऊन असंच टिकलं तर बर्फ वितळेल. ओढा दुपारनंतर फुगतो."

आम्ही तळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं एक ढग शिखराकडे सरकू लागला. भावजी उठून उभे राहिले आणि पोरांना अंगणातून हाकलावं तसे हात हलवू लागले. "चल, पुढं हो! तिकडं जा!"

मागून माझी जाऊ चढून येत होती. "अहो, सूर्याची बाजू कधीपासून घ्यायला लागलात?"

"तू गप्प बस."

ढग गेला. ओढ्याचा आवाज जाड झाला, गढूळ पाणी जोरात आत शिरू लागलं. चिखल हळूहळू झाकला गेला. सूर्य कलला तेव्हा तळं काठोकाठ नव्हतं, पण पोटभर होतं.

चाचणी घेणाऱ्या इंजिनिअर बाईंचा फोन आला, "सुरू करा, काका." भावजींनी चाक फिरवून पाणी सोडलं. खाली गावात दिवे लागले. आम्ही तिघं त्या दिव्यांकडे बघत राहिलो. एकही फडफडला नाही. पुन्हा फोन वाजला.

"वीजघर राहतंय, काका. पण आता दिवसा पाणी साठवायचं. दिवसाचं काम उन्हाला करू द्या."

"करू द्या की," भावजी म्हणाले आणि तिथंच जमिनीवर बसले.

जाऊ त्यांच्याजवळ टेकली. रडता रडता हसायला लागली. "मी सगळी भांडी बांधून ठेवली होती हो, तुम्हाला कळू न देता."

घरी जाऊन आम्ही गाठोडी सोडायला बसलो. जावेनं गाठी इतक्या घट्ट मारल्या होत्या की शेवटी भावजींनी सुरी आणली.