केंद्रातली मोजणी

शाळा सुटल्यावर मुलांसाठी चालणाऱ्या केंद्रांची पाहणी करणं हे माझं काम. कुठे भिंती नव्यानं रंगवलेल्या दिसल्या की माझं डोकं आधीच सणकतं. धानोऱ्याच्या पुढच्या त्या गावात तर तक्तेही कोरे करकरीत होते, आणि माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत सगळ्या मुलांचे हात वर.

"आमच्या केंद्रात येऊन मुलं गणितात किती पुढे गेली, बघा," केंद्र चालवणारे सर म्हणाले आणि एका लहान मुलीला त्यांनी चिंचोक्यांच्या ढिगापुढे बसवलं. तिची बोटं अशी काही सरसर चालली, की कौतुक वाटण्याऐवजी मला संशयच आला. पाच-पाच चिंचोके ओढत ती सत्तरपर्यंत पोचली आणि थांबली. ढीग तर अर्धा उरला होता.

"पुढे मोज ना," मी म्हटलं.

"सत्तर झाले ना बाई. आता पुडा बांधा लागते."

सर गडबडीनं हसले. मी तिलाच विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?"

"मायनं. तेंदूपत्ता तोडाले जातो तवा."

इकडे उन्हाळ्यात घरोघरी तेंदूची पानं मोजून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, एवढं मलाही ठाऊक होतं. मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "आमचं शिकवणं पार घरापर्यंत पोचलं!"