हेरिटेज फार्म आणि बहिणीचा वाटा

इंग्रजीचा क्लास चालवणाऱ्याला इंग्रजी बेताचं येत असलं तरी चालतं, पण लोकांच्या घरातल्या भानगडी मात्र न विचारता तोंडपाठ होतात. नारायणगावच्या स्टँडमागे मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. यंदा हेरिटेज, हेअरलूम, लेगसी आणि इनहेरिटन्स या शब्दांतला फरक शिकवायला घेतला आणि एकाच घराचे किस्से साठत गेले.

ते घर डिंगोऱ्याच्या दत्ताभाऊंचं. त्यांनी शेतात पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, म्हणून इंग्रजी. त्यांची धाकटी बहीण सुनीता नारायणगावात दिलेली. तिला वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा हवाय, टोमॅटोच्या रोपांची नर्सरी टाकायला. भाऊंना हवीय तिची हक्कसोडीवर सही. दोघं एकाच बॅचला, अर्थात लांबलांबच्या बाकांवर.

*

हेरिटेज म्हणजे पूर्वापार चालत आलेलं, सगळ्यांचं, वाटून न घेता येणारं, असं मी सांगितलं. उदाहरण दिलं आहुप्याच्या देवराईचं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही.

भाऊंनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "किती एकर हाय? सातबारा कुणाच्या नावावर?"

*

पुढच्याच आठवड्यात भाऊंच्या शेतावर 'हेरिटेज फार्म' असा बोर्ड लागला. खोल्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. मी दबकत विचारलं, यात हेरिटेज काय?

"खोल्या नव्या हायेत सर, पण खालची जमीन लई जुनी हाय की!"

*

हेअरलूम म्हणजे घरात पिढ्यानपिढ्या जपलेली वस्तू. एकेक घेऊन या, म्हटलं. भाऊंनी तांब्याचा बंब आणला, चकचकीत घासलेला, पाहुण्यांना दाखवायचा. आजोबा यातच पाणी तापवायचे, असं त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं.

मागून सुनीता शांतपणे म्हणाली, "आपला बंब आईनं मोडीत घातला व्हता. ह्यो जुन्नरच्या बाजारातला हाय."

भाऊ म्हणाले, "असू दे. कुणाच्या तरी आजोबांचा असंलच ना!"

*

लेगसी म्हणजे माणूस मागे ठेवून जातो ते; त्यावर वाक्य करायला सांगितलं, तर भाऊंनी वडिलांची लेगसी प्रामाणिकपणा असल्याचं ठणकावून सांगितलं. सुनीताला इतका खोकला आला की पाणी आणावं लागलं.

*

राहिला इनहेरिटन्स. कायद्यानं वारसांना मिळतं ते, एवढंच मी म्हणालो. भाऊंनी सगळ्यांना समजावलं, की आमच्यात बहिणी साडीचोळी घेतात, सही करतात, आणि मग त्यांचं माहेर टिकतं. किती स्वस्तात टिकतं हे माहेर! मला सुनीतासाठी फार वाईट वाटलं, पण मास्तर काय करणार, फळा पुसला.

शेवटच्या दिवशी संवाद ठेवला होता. भाऊ फार्मचे मालक, आणि पर्यटक कोण होणार म्हटल्यावर सुनीता उठली. तिनं स्वच्छ इंग्रजीत विचारलं, ही सुंदर जमीन कुणाची?

शहरातल्या पाहुण्यांसाठी भाऊंनी उत्तर घोकूनच ठेवलं होतं. छातीवर हात ठेवून, एकही चूक न करता, त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की ही आमच्या वडिलांची जमीन, आणि त्यांच्या सगळ्या मुलामुलींचा हिच्यावर सारखा हक्क आहे.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सुनीतानंही वाजवल्या. मग म्हणाली, "लई छान बोललास दादा. आता हेच मराठीत सांग."