पाकीट मी आधीच फाडलं होतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिने बोलणंच टाकलं असतं. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं मदतनीस आहे. हत्यारं धुवायची, पाकिटात भरायची, यंत्रात वाफेवर निर्जंतुक करायची. झाली की पाकिटावरची पट्टी रंग बदलते. आणि पाकीट फाडायचं ते पेशंटच्या डोळ्यांदेखत — हा आमच्या डॉक्टरबाईंचा नियम. दुसऱ्याच्या तोंडातलं हत्यार आपल्या तोंडात, ही भीती माणसाला दुखण्याहून मोठी असते.

एक दिवस यादीत काकूंचं नाव दिसलं.

या काकूंकडे माझ्या आईने बावीस वर्षं भांडी घासली. तिचा कप वेगळा — दांडी तुटलेला, मोरीच्या कठड्यावर उपडा. मी आठ वर्षांची असेन. आईबरोबर गेले होते, तहान लागली, ओट्यावरच्या पेल्यातून पाणी प्यायले. काकूंनी पेला हातातून काढून घेतला आणि सरळ कचऱ्यात टाकला. ‘काय काय रोग असतात यांच्यात,’ असं म्हणाल्या, भिंतीकडे बघून. तो कचरा आईनेच खाली नेला.

तर — त्या यायच्या आधीच मी पाकीट फाडलं. हत्यारं ट्रेमध्ये मांडली आणि पट्टीचा रंग बदललेलं रिकामं पाकीट ॲप्रनच्या खिशात घातलं. मास्क होता, त्यांनी मला ओळखलं नाही. रूट कॅनालची पहिली बैठक झाली, डॉक्टरबाई आत हात धुवायला गेल्या, तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, “अगं, हत्यारं उकळलेली होती ना?”

मी थांबले. मुद्दाम.

“बहुतेक,” म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला तो बघून काय गार वाटलं म्हणून सांगू! बिबवेवाडीच्या बसमध्ये उभ्याने गेले, तरी पाय दुखले नाहीत.

इथवरच असतं तर कदाचित मी कुणाला तरी सांगितलंही असतं. पण काकू परत आल्या नाहीत. दात उघडून, औषध भरून ठेवलेला — तसाच अर्धवट. डॉक्टरबाई म्हणाल्या, फोन करा, असा दात सोडणं बरं नव्हे. मी सांगितलं, केला होता, उचलत नाहीत. दुसऱ्यांदा हेच. तिसऱ्यांदाही हेच. एकदाही केला नव्हता. सूज गालावरून गळ्यात उतरली, काकू आठ दिवस इस्पितळात होत्या, जबड्याखाली चीर देऊन पू काढला. कळलं तेव्हा मनात काय आलं असेल माझ्या? बरं झालं. हेच आलं. खोटं कशाला सांगू?

मग काकूंनी पेठभर सांगितलं, त्या दवाखान्यातल्या घाणेरड्या हत्यारांनी रोग दिला. डॉक्टरबाईंचे निम्मे पेशंट तुटले. त्या बाईने माझ्या बाळंतपणात चार महिने पगार घरपोच पाठवला होता. आणि त्या रोज मला विचारायच्या — आपलं काही चुकलं का हो? मी म्हणायचे, नाही मॅडम, लोकांना काय, बोलायला लागतंच.

चारेक महिन्यांनी काकूंचा निरोप आला, घरी ये. गेले. मास्क नव्हता, तरी त्यांना माझी ओळख पटली नाही. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलताना ओठांतून लाळ सुटत होती. माझा हात धरून म्हणाल्या, तू एकटी खरं बोललीस गं. तीन महिने त्या रक्त तपासत फिरत होत्या — हेही तेव्हाच सांगितलं.

चहा आला. बशीसकट, त्यांच्याच सेटमधला कप. नकळत मी मोरीच्या कठड्याकडे बघितलं. तिथे आता काही नव्हतं.

तो चहा मी प्यायले. सगळा.

अजून घेशील का, म्हणाल्या. मी हो म्हणाले.