परबांचं काय करायचं?

कन्सल्टिंगमध्ये अनुभव किती आला ते माहीत नाही, किस्से मात्र ढीगभर जमतात. आणि ते सांगायचे कुणाला? घरच्यांना आम्ही नेमकं काय करतो ते कळत नाही, आणि ऑफिसातल्यांना त्यात हसण्यासारखं काय तेच कळत नाही! म्हणून तुम्हाला सांगते. हे सगळे साकीनाक्याच्या एकाच कारखान्यातले आहेत. लिफ्टचे दरवाजे बनतात तिथे.

आम्ही तिघं होतो. नंदनसर, म्हणजे आमचे बॉस. तेजस, बोरिवलीचा, नुकताच एमबीए झालेला. आणि मी, मुग्धा, मुलुंडची.

पहिल्याच दिवशी कारखान्याच्या मालकांनी, घाटकोपरच्या शेठनी, काम सांगितलं. "स्टोअरला एक तर परब ठेवतो, नाहीतर कॉम्प्युटर घेतो. दोघांपैकी कोण, तेवढं सांगा."

परब तिथेच उभे होते. आमच्यासाठी खुर्च्या पुसत होते! कणकवलीकडचा माणूस, सत्तावन्न वर्षांचा, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार? नंदनसरांनी वहीत लिहिलं, "स्कोप क्लिअर."

*

दुसऱ्या दिवशी तेजस स्टॉपवॉच घेऊन स्टोअरमध्ये उभा राहिला. कुणी येऊन सामान मागितलं की परब सरळ चालत जायचे, हात घालायचे, वस्तू बाहेर. बारा सेकंद!

तेजस म्हणाला, "काका, कुठे काय ठेवलंय ते लिहिलेलं कुठेय?"

"लिवचा कित्याक? माका ठावक आसा."

"लिहिलेलं नाही, म्हणजे प्रोसेस नाही," असं म्हणून साहेबांनी दीड दिवस खपून सगळ्या रॅकवर नंबरांची लेबलं चिकटवली. सामान नंबराप्रमाणे हलवलं. चौथ्या दिवशी एक साधा बोल्ट शोधायला परबांना चार मिनिटं लागली. पार वाट लागली स्टोअरची!

मी घाबरत सरांना फोन केला. सर खूश. "झकास! आता सुधारणेला वाव आहे."

*

दुपारी जेवायला काय मागवायचं यावर आमची मीटिंग व्हायची. एकदा तेजसने चव, वेळ आणि अंतर असे कॉलम करून प्रत्येक हॉटेलला मार्क दिले. पाऊण तास गेला. तोवर परबांनी डबा उघडून बांगड्याचं तिखलं आमच्या पुढ्यात सरकवलं. "खावा रे, मगे लिवा."

रोज खाल्लं आम्ही त्यांच्या डब्यातलं. आणि रोज जेवण झाल्यावर त्यांना काढायचं कसं याचं एक्सेल भरलं. लाज वाटायची हो मला. पण तिखलं होतंच तसं.

*

ऑर्डरी उशिरा का जातात, हे शोधायला आम्ही तीन आठवडे घेतले. शेवटी परबांनाच विचारलं.

ते म्हणाले, "दरवाजे जोडूचे सोमवारी, आणि रोलर येतत मंगळवारी. वार बदला."

आम्ही वार बदलायला चौतीस स्लाइडी केल्या. बाण, गोल, पिरॅमिड, सगळं टाकलं. परबांनी प्रिंटआउट चाळला आणि मला विचारलं, "बाय, ह्या तर मियाच सांगलंय मां?"

तेजस म्हणाला, "हो काका, पण आता त्याचं फ्रेमवर्क झालंय ना!"

*

मग आमच्या पवईच्या ऑफिसात सरांनी आमचं प्रेझेंटेशन तपासलं. मी लिहिलं होतं, "परब यांना कमी करावे."

"माणसाचं नाव नको गं. 'एक रोल मोकळा होईल' असं लिही. नाव वाचलं की क्लायंटला वाईट वाटतं."

"आणि परबांना, सर?"

"ते कुठे स्लाइडी वाचतात!"

*

आता शेवटचा.

आमच्या धंद्यात क्लायंटला नेहमी तीन पर्याय देतात. एक, आहे तसंच चालू द्या. दोन, जो आपल्याला विकायचाय तो. आणि तीन, इतका अचाट की दुसरा आपोआप शहाणा वाटावा. आमचा दुसरा म्हणजे कॉम्प्युटर आत, परब बाहेर.

"तिसऱ्यात काहीही टाक," सर म्हणाले. "कुणी हात लावणार नाही असं."

मी इतकी वैतागले होते की लिहून टाकलं, "संपूर्ण कारखाना परबांच्या हाती द्यावा. शेठच्या दोन्ही मुलांनी वर्षभर त्यांच्या हाताखाली स्टोअरमध्ये काम करावं." सरांनी फक्त फॉन्ट तपासला!

प्रेझेंटेशनला शेठ होते, दोन्ही मुलं मोबाइलमध्ये होती. सरांनी तिसऱ्या पर्यायाची स्लाइड भर्रकन पुढे ढकलली.

"मागे घ्या," शेठ म्हणाले. आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली. मुलांनी मोबाइल खाली ठेवले.

सर घाईघाईने म्हणाले, "शेठ, ती आपली तुलनेसाठी."

"म्हणजे विचार न करता लिहिली?"

"छे छे! सखोल अभ्यास आहे त्यामागे."

"आणि परबला काढा, त्यामागे?"

"तोच अभ्यास, शेठ."

शेठनी एकदा आपल्या मुलांकडे बघितलं, एकदा त्यांच्या मोबाइलांकडे. मग त्यांनी परबांना बोलावलं. परब हात पुसत आले. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

शेठ म्हणाले, "परब, उद्यापासून कारखाना तू बघायचा. ही दोघं तुझ्या हाताखाली."

परबांनी स्क्रीनवरचं सगळं सावकाश वाचलं. मागची स्लाइड लावायला सांगितली, तीही वाचली. एक रोल मोकळा होईल, तीच. आम्हाला वाटलं, आता रडतील, नाहीतर शेठच्या पाया पडतील.

ते म्हणाले, "पोरांका आठ वाजता येवक होया."

"येतील."

"आणि ह्येंचा काय?" त्यांनी आमच्याकडे बोट केलं.

"ते आता तू ठरव," शेठ म्हणाले.

परबांनी खुर्ची ओढली, सरांच्या समोर बसले आणि त्यांचीच वही पुढ्यात घेतली.

"बोला सायबानू. सकाळपासून सांजेपर्यंत तुमी नेमक्या काय करतास?"