तिसऱ्या मजल्याची काच

रविवार होता, म्हणून मी भर दुपारी दाढी करत होतो. पेणला आमच्याकडे फोन नव्हता. समोरच्या किराणावाल्याकडे यायचा. गडबहून भाचा बोलत होता. "मामा, बाबा गेले," एवढंच म्हणाला... मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उभा. भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, जेवून जरा कलंडले ते उठलेच नाहीत. त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही दोघं रोह्याच्या एकाच कंपनीत. मी स्टोअरला कारकून, ते साफसफाईवर. त्यांच्या जोडीचे हसनभाई काचा पुसताना शिडीवरून पडले. जीव वाचला, पण कमरेखाली लुळे झाले. तेव्हापासून भाऊजी शिडीवर चढले नाहीत आणि कुणाला चढू देत नसत. मग कंपनीनं मुंबईहून लांब दांड्याचा ब्रश मागवला. नळाचा पाइप जोडला की पाणी दांड्यातून वर चढतं आणि ब्रशातून काचेवर उतरतं. पहिल्या दिवशी तो चालवून दाखवायला मी पुढे झालो. पाणी काच सोडून माझ्या बाहीतून थेट बगलेत गेलं. मी वहीत 'माल सदोष' असा शेरा मारून तो खोक्यात घातला. भाऊजींनी मागून घेतला आणि महिनाभर त्याच्यामागे लागले. कॉक किती फिरवायचा, ब्रशाची मान किती वाकवायची, खारानं बुजलेली भोकं सुईनं कशी मोकळी करायची... शेवटी ब्रश काचेपासून जरा उचलून नुसतं पाणी सोडायचे आणि काच सुकेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहायचे. ओली काच सगळ्यांचीच चांगली दिसते, असं म्हणायचे.

तिसऱ्या मजल्यावर मात्र ब्रश काचेला नीट टेकेना. दांडा जेवढा उभा, तेवढी मान जास्त वाकायला हवी, आणि ती वाकत नव्हती. मानेची लोखंडी पट्टी बदलावी लागेल, एक दिवस द्या, असं त्यांचं म्हणणं. पण सकाळी पाहुणे यायचे होते, आणि आमचे भाऊजी आहेत, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, असं मी साहेबांना परस्पर सांगून बसलो होतो. भाऊजी पट्टी वाकवायला वर्कशॉपात गेले. इकडे चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला मी, हसनभाईंचीच शिडी लावून फडकं घेऊन निघालो. दोन मजले चढलो. मग एकदा खाली बघितलं. त्यानंतर मला ना वर जाता येईना, ना खाली...

भाऊजी परतले. ओरडले नाहीत. वॉचमनला शिडी धरायला लावली आणि खालून म्हणाले, "सुरेश, काचेत बघ. खाली नको. मी हाय." तेवढ्यात टाचेला काहीतरी गार लागलं. त्यांनी ब्रश वर करून माझ्या पायाला टेकवला होता. "ब्रश नेईल तिथं पाय ठेव." एकेक पायरी त्या ब्रशानं मला उतरवलं. पाणी बंद करायला त्यांना सवड नव्हती. विजार चिंब झाली. ते सगळं नळाचंच पाणी होतं, असं मी मानतो. आक्काला सांगू नका, एवढंच मला बोलता आलं. "नाय सांगत," म्हणाले, आणि नवी पट्टी बसवून दिवेलागणीच्या आत ती काच त्यांनी जमिनीवरूनच धुतली.

परवा गडबला गेलो तेव्हा राहवेना, म्हणून आक्काला मीच सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाव हाय मला. त्या दिवशी घरी आले नि हातात तांब्या ठरंना. सगळं पाणी अंगावर. मग बोलले... तो पडला असता तर तुला कुठल्या तोंडानं सांगायला आलो असतो?"

माझ्या टाचेवर तो ब्रश जराही हलला नव्हता.

"नि मग उठले," आक्का म्हणाली, "माळ्याची शिडी कुऱ्हाडीनं तोडली नि चुलीत घातली. तू आलास की पयला तिच्यावरच चढायचास ना, लोणचं काढायला."

मी वर बघितलं. माळ्यावर बरण्या रांगेनं तशाच होत्या. त्यांच्यावरची धूळ खालूनही दिसत होती.