संशोधन प्रमुखांचा फोटो

चष्मा कपाळावर ढकलून ते आधी समोरच्याच्या तोंडाकडं बघायचे आणि मग म्हणायचे, "बसंल की! समदं बसतंय." कुठलाही खर्च आयकराच्या कुठल्या ना कुठल्या कलमात बसतोच, यावर त्यांची देवावर नसेल एवढी श्रद्धा. जालन्यात सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. माझं वेबसाइट बनवायचं दुकान त्यांच्या ऑफिसच्या खालीच, त्यामुळं चहाला हाक ठरलेली. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. नसला तर तुमचा कर जास्त जात असेल.

कायद्यापेक्षा त्यांना माणूस जास्त कळायचा. एकदा एक अधिकारी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होता. हे आत गेले, फाईल उघडलीच नाही. "साहेब, दाढ दुखून राह्यली ना? लवंग धरा." अधिकारी गार! बाहेर येऊन मला म्हणाले, "कागद नंतर वाचायचा बाबा, आधी तोंड वाचायचं."

मग त्या बियाणेवाल्या शेठचं काम आलं. शेठ तयार बियाणं आणून पिशव्यांत भरून विकायचा. प्रयोगशाळा वगैरे काही नाही. मी त्याची वेबसाइट बनवली, बिल दिलं. संशोधनावरच्या खर्चाला करात सवलत मिळते, असं त्यानं कुठून तरी ऐकलेलं. वेबसाइटचा खर्च त्यात दाखवता येईल का, असं त्यानं विचारलं.

वकीलसाहेब माझ्याकडं वळले. "ह्या वेबसाइटवर काही शोधायची सोय हाय का?"

"आहे की. वरच्या चौकटीत नाव टाकलं की बियाणं सापडतं."

"म्हंजे सर्च हाय."

"हो."

"मंग रिसर्च बी हाय!"

तिघंही पोट धरून हसलो. मला वाटलं, गंमत संपली. कसली संपते!

त्यांनी खरोखरच तो खर्च संशोधनात दाखवला आणि खाली सही ठोकली. वर पुराव्याला वेबसाइटवर 'संशोधन केंद्र' नावाचं पान पाहिजे म्हणाले. वडीगोद्रीजवळ शेठच्या मेव्हण्याचं तुरीचं वावर होतं, तिथं फोटो काढायला गेलो. शास्त्रज्ञ कुठून आणायचा? वकीलसाहेबांनी गाडीतून पांढरा कोट काढला, रक्त तपासणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेला. बाह्या आखूड. तुरीची शेंग हातात धरून असे गंभीर उभे राहिले, की मेव्हणा पाया पडायचाच बाकी होता. मी म्हणालो, "साहेब, हे अंगाशी येईल." "अरे, कोण बघून राह्यलं?" फोटोखाली त्यांनी 'संशोधन प्रमुख' असं लिहायला लावलं.

बघत होतं कोणीतरी. वेबसाइट कुठून कुठून उघडली जाते, हे मला दिसतं. शेठच्या बियाण्याकडं काळं कुत्रं फिरकत नव्हतं, पण ते संशोधनाचं पान दिल्लीहून कोणीतरी रोज उघडू लागलं. यायचं, बराच वेळ थांबायचं, जायचं. मला त्या पानाची भीतीच बसली. काढून टाकू का, असं विचारलं तर म्हणाले, "आता काढलं तर बराबर चोर ठरतो." त्यांचा आवाज इतका बारीक मी तोवर ऐकला नव्हता.

नोटीस आलीच. चौकशी ऑनलाइन, ना कचेरी, ना समोर साहेब. "कोण हाय, कसा हाय, काईच कळंना रे," म्हणून जिन्यात बसून राहायचे. सवलत जाईल, शेठला दंड बसेल, ते एकवेळ ठीक. पण दाव्याखाली सही ह्यांची होती. लोकांच्या कागदांवर सही करायचा हक्कच जाऊ शकत होता, आणि त्या सहीशिवाय ह्या माणसाजवळ दुसरं होतं काय?

सुनावणी व्हिडिओवर. त्यांच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता, म्हणून माझ्या दुकानात येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. पलीकडच्यानं स्वतःचा कॅमेरा बंदच ठेवला होता. नुसती काळी चौकट आणि तिच्यातून येणारा एक मऊ आवाज. वकीलसाहेब चष्मा वर करून त्या काळ्यात तोंड शोधत राहिले.

आवाजानं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. हिंदीत एवढंच विचारलं, फोटोतले संशोधन प्रमुख कोण?

शेठनं त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं, 'वेबसाइटवाल्यानं कुठला तरी फोटो टाकला म्हणा.' हे मला माहीत होतं आणि मी शेजारीच उभा होतो. वकीलसाहेबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, चांगलं निरखून. मग वळून म्हणाले, "मैंच हूँ साब. इसका कुछ कसूर नहीं."

नोंद घेतली आहे, असं म्हणून आवाज बंद झाला.

"काय वाटलं रे तुला? मानूस कसा असंल?" त्यांनी विचारलं.

"चांगला वाटला," मी म्हणालो. मला तर अंगावर काटा आला होता.

उन्हाळ्यात ते घनसावंगीला बहिणीकडं म्हणून गेले आणि तिथंच झोपेत गेले. मी लहान पोरासारखा रडलो, सांगायला लाज कसली. दाव्याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता.

चौकशीच्या कागदांवर त्यांनी माझाच ईमेल दिला होता, स्वतःचा ते कधी उघडत नसत. त्यामुळं त्यांच्या नावाची नोटीस आता मला येते. 'आपला सही करण्याचा अधिकार का काढून घेऊ नये, याचा खुलासा करा.' ते वारले, असं मी मृत्यूचा दाखला जोडून कळवलं. काल उत्तर आलं. 'आपला दाखला मिळाला. खुलासा संबंधित व्यक्तीने स्वतः करावा.'